‘सगळी हार्मोन्स शून्यावर येतात’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोनांवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे, ‘पाळी गेली की बाईची सगळी हार्मोन्स शून्यावर येतात, हे दहावीतला मुलगाही सांगेल; टेस्टोस्टेरॉन टिकून राहते वगैरे भंपक विधाने करण्यापूर्वी लेखिकेने एखाद्या डॉक्टरला विचारायचे होते.’ पुढे आपल्या बहिणीचे उदाहरण आहे, आकड्यांना एकके नसल्याची तक्रार आहे, ‘निरोगी’ स्त्रियांच्या आकड्यांचा इतरांना काय उपयोग असा प्रश्न आहे, आणि शेवटी लेख मागे घेण्याची सूचना आहे. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ‘भंपक’ हा शब्द आपण ज्या सहजतेने वापरला आहे, तो पाहता आपण लेख वाचला की नुसते शीर्षक, अशी शंका येते.

एककांचे आधी उरकते. इस्ट्राडायॉलचे, म्हणजे पाळीच्या वर्षांतील मुख्य इस्ट्रोजेनचे, आकडे पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये आहेत, हे लिहायला हवे होते. काही प्रयोगशाळा पिकोमोल प्रति लिटर वापरतात आणि तिथे तोच आकडा ३.६७ पट मोठा दिसतो. एवढे मान्य. त्याने मुद्द्यात तसूभरही फरक पडत नाही.

आता ते ‘शून्य’. पाळी चालू असताना इस्ट्राडायॉल पाळीचक्राच्या सुरुवातीला साधारण ३० ते ५० असते आणि बीजोत्सर्गाच्या सुमारास २०० ते ४०० पर्यंत चढते. पाळी कायमची थांबल्यावर ते बहुधा २० च्या आणि पुष्कळ जणींत १० च्याही खाली येते. प्रोजेस्टेरॉन तर नाममात्र उरते, कारण बीजोत्सर्गच होत नाही. ही घसरण मी लेखात कुठेही लपवलेली नाही. परंतु अंडाशयाने हात आखडता घेतला, म्हणून शरीरातील इस्ट्रोजेन संपत नाही. मुख्यतः मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून येणाऱ्या अँड्रोस्टेनडायोन या हार्मोनचे रूपांतर चरबीतील अरोमाटेज हे विकर इस्ट्रोनमध्ये करते, आणि या वयात इस्ट्रोन हेच रक्तातील प्रमुख इस्ट्रोजेन ठरते. स्थूल स्त्रियांत ते अधिक आढळते ते याच कारणाने. शिवाय पीयूषिका ग्रंथीचे, अंडाशयाला चालना देणारे एफएसएच या काळात कित्येक पटींनी वाढते. तेही हार्मोनच आहे. ‘सगळी शून्यावर’ या वाक्यात ते कुठे बसवायचे, हे त्या दहावीतल्या मुलाला विचारून कळवावे.

टेस्टोस्टेरॉनबद्दल आपण सर्वाधिक संतापलेले दिसता. मी ‘टिकून राहते’ असे मोघम लिहिलेले नाही; रजोनिवृत्तीच्या वेळी त्यात अचानक घसरण होत नाही, असे लिहिले आहे. ते विशीपासूनच हळूहळू उतरू लागते आणि चाळिशीपर्यंत जवळपास निम्म्यावर येते, म्हणजे बरीचशी उतरण पाळी जाण्याआधीच होऊन गेलेली असते. ऑस्ट्रेलियातील १८ ते ७५ वयाच्या चौदाशेहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वयाचा परिणाम स्पष्ट दिसला. नैसर्गिक रजोनिवृत्तीचा असा वेगळा परिणाम दिसला नाही. त्याच अभ्यासात, दोन्ही अंडाशये काढलेल्या पंचावन्नच्या पुढील स्त्रियांत मात्र टेस्टोस्टेरॉन लक्षणीय कमी होते. आपल्या बहिणीची नेमकी हीच शस्त्रक्रिया झाली आहे, असे आपणच लिहिता. त्यांच्या त्रासाबद्दल मला सहानुभूती आहे, पण त्यांचा अहवाल माझ्या विधानाला छेद देत नाही, उलट दुजोरा देतो.

राहता राहिला ‘डॉक्टरला विचारायचे होते’ हा टोमणा. मी डॉक्टर नाही, तसा दावाही मी कधी केलेला नाही. मी जैवरसायनाच्या प्रयोगशाळेत होते आणि माझी नोकरीची सारी वर्षे हार्मोन मोजण्यात गेली. डॉक्टर ज्या आकड्यावर बोट ठेवून बोलतात, तो आकडा आमच्या टेबलावरून जात असे. इस्ट्राडायॉलच्या नेहमीच्या प्रतिपिंड-आधारित चाचण्या रजोनिवृत्तीनंतरच्या इतक्या कमी पातळीवर डगमगतात, मिळत्याजुळत्या रेणूंनाही इस्ट्राडायॉल समजून मोजतात आणि बऱ्याचदा आकडा फुगवून देतात. तोच नमुना रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीवर घातला की वेगळे उत्तर येते. म्हणून अहवालावर ‘१० पेक्षा कमी’ असे छापले जाते. याचा अर्थ एवढाच की याच्या खाली त्या पद्धतीचा भरवसा नाही. माझ्या स्वतःच्या अहवालावर पाळी गेल्यानंतर हेच छापून आले होते. मला धक्का बसला नाही, कारण ते यंत्र मीच चालवत होते. आपण ज्याला शून्य म्हणता, ते बहुतेक याच ओळीचे आपण केलेले वाचन असावे.

‘निरोगी’ स्त्रियांविषयीच्या प्रश्नावर फार लिहावेसे वाटत नाही. संदर्भ-मर्यादा, म्हणजे अहवालात तुलनेसाठी दिलेले नेहमीचे आकडे, निरोगी व्यक्तींवरूनच ठरवतात. आणखी कोणावरून ठरवायच्या?

एक मात्र सांगते, कारण आपली प्रतिक्रिया वाचून कोणी टेस्टोस्टेरॉन तपासायला धावू नये. अमुक पातळीच्या खाली स्त्रीला टेस्टोस्टेरॉनची कमतरता आहे असे म्हणता येईल, अशी कोणतीही सीमारेषा नाही, असे २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमती-निवेदनात स्पष्ट म्हटले आहे. पंचेचाळिशीनंतर पाळी सलग १२ महिने आली नाही, तर रजोनिवृत्ती ओळखण्यासाठी सहसा रक्ततपासणीही लागत नाही.

लेखात एकके घातली आहेत. लेख मागे घेणार नाही.