दोदोल आणि पॉवर बँक

गोव्यातून विमानाने निघालेल्या माणसाच्या बॅगेत दोन प्रकारचा ऐवज असतो. पहिला त्याने स्वतः भरलेला: लॅपटॉप, त्याचा विटेएवढा चार्जर, पॉवर बँक, कॅमेरा, इयरफोन आणि कधीच विकून टाकलेल्या मोबाइलची एक वायर. दुसरा घरच्यांनी ऐनवेळी कोंबलेला गोड खाऊ: किलोभर दोदोल, पेराद (पेरूची वडी), बेबिंका, माडाच्या काळ्या गुळाचे सुळके. हा दुसरा ऐवज बरोबर पहिल्याच्या फटींत जाऊन बसतो. लॅपटॉप आणि चार्जर यांच्यामध्ये चार बोटं जागा दिसली की घरच्या माणसांना ती वाया गेल्यासारखी वाटते. माझं म्हणणं एवढंच, की सुरक्षा तपासणीतला निम्मा मनस्ताप त्या चार बोटांतून जन्माला येतो.

त्याआधी, तिकीट एकदा नीट वाचा. गोव्याला दोन विमानतळ आहेत. दाबोळीचा संकेत जीओआय, मोपाचा जीओएक्स. पेडणे तालुक्यातल्या मोपावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडताहेत, पण अनेकांच्या डोक्यात अजून ‘एअरपोर्ट’ म्हणजे दाबोळीच. हे एक अक्षर चुकलं तर पुढचा लेख वाचायची गरज उरत नाही, कारण तपासणीपर्यंत तुम्ही पोचतच नाही. गोवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टॅक्सीने पाहून होतो.

तर तपासणी. दोन्ही ठिकाणी ती केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या सीआयएसएफकडे असते. पट्ट्यावरून बॅग आत जाते, तेव्हा पडद्यासमोर बसलेल्या जवानाला त्यात लॅपटॉप दिसत नाही, दोदोलही दिसत नाही. त्याला रंग दिसतात. मशीन दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण सोडतं आणि कोणती वस्तू कोणते किरण किती अडवते यावरून तिला रंग देतं. अन्न, कपडे, कागद, प्लास्टिक असलं सेंद्रिय ते नारिंगी. लोखंड-तांबं निळं. अॅल्युमिनियम, काच वगैरे मधलं हिरवं. आणि जिथून किरण पार होत नाहीत तिथे काळा डाग. स्फोटकंही बहुतेक सेंद्रियच असतात, म्हणून तीही नारिंगी. अडचण अशी की चीज, चॉकलेट, दाट मिठाई यांची घनताही त्यांच्या आसपास येते. तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि काळा गूळ तासन्‌तास ढवळून, आटवून, थापून केलेला दोदोल हा या बाबतीत फारच गुणी पदार्थ आहे. पडद्यावर तो एक ठोकळा दिसतो: नारिंगी, गच्च, कडा सरळ.

आता या ठोकळ्याच्या डोक्यावर पॉवर बँक ठेवा, शेजारी चार्जर ठेवा आणि भोवती वायरीचे तीन वेढे मारा. घरी तुम्ही जागा वाचवली. पडद्यावर मात्र एक नारिंगी ठोकळा, त्याला चिकटलेली बॅटरी आणि दोघांना जोडणारी वायर असं चित्र उमटलं. हेच चित्र ओळखायचं शिक्षण त्या जवानाला सरकारी खर्चाने दिलेलं असतं. तो पट्टा थांबवतो. मागे-पुढे करतो. शेजाऱ्याला बोलावतो. मग संवाद साधारण असा होतो:

“सर, ये बैग आपका है? इसमें क्या है?”

“दोदोल है.”

“क्या है?”

“दोदोल. काला हलवा होता है ना, नारियल का...”

“तो हलवे को वायर क्यों लगाया है?”

या प्रश्नाला उत्तर नाही. तरी देऊ नका; निदान विनोदी देऊ नका. ‘बॉम्ब’ हा शब्द तर विमानतळावर थट्टेतही उच्चारायचा नसतो. तुमचा विनोद चांगला होता की वाईट हे तिथे कोणी ठरवत बसत नाही. पोलीस येतात आणि विमान तुमच्याशिवाय जातं.

उपाय अगदी साधा आहे: खाऊ चेक-इनच्या बॅगेत आणि विजेच्या वस्तू हातातल्या. खाऊ हातातच न्यायचा असेल तर वेगळ्या पिशवीत ठेवा आणि तपासणीच्या वेळी ती वेगळ्या ट्रेमध्ये एकटी सोडा. एकटा दोदोल हा संशयित नसतो, तो खाऊच असतो. वायरींचं सांगायचं तर प्रत्येक वायर वेगळी गुंडाळून चिकटपट्टीने बांधा आणि सगळ्या एका पारदर्शक पाऊचमध्ये टाका. पाऊच सगळ्यात वर असू दे. गुंतलेल्या वायरींचा गोळा क्ष-किरणात इतका गच्च दिसतो, की त्याच्याखाली काय आहे ते कळायला बॅग उघडण्यावाचून इलाज नसतो.

लॅपटॉप बाहेर काढायला सांगतात त्याचंही कारण हेच. त्याची बॅटरी, बोर्ड आणि धातूचं अंग मिळून पडद्यावर भला मोठा गडद पट्टा होतो आणि त्याच्या सावलीत चाकूही लपू शकतो. त्याला एकट्याला ट्रेमध्ये आडवा ठेवला, की सावली पडायला खाली काही उरत नाही. म्हणून लॅपटॉप काढून त्याच्यावर जॅकेट, जॅकेटवर कमरेचा पट्टा, पट्ट्यावर नाण्यांचं पाकीट असा मजल्यांचा बंगला उभारू नये. असं केलं तर लॅपटॉप काढलाच कशाला? सोबत टॅबलेट, कॅमेरा, पॉवर बँक आणि चार्जरही बाहेर. मोबाइल, घड्याळ, किल्ल्या हे खिशात न ठेवता बॅगेच्या पुढच्या कप्प्यात टाकलेलं उत्तम. ट्रेमध्ये सुटं ठेवलं तर पलीकडे पोचेस्तोवर ते कोपऱ्यात दडी मारतं. फिरत्या क्ष-किरणांनी बॅगेचं चहूबाजूंनी चित्र काढणारी सीटी जातीची मशीनं आली आहेत, त्यांत लॅपटॉप आतच राहिला तरी चालतो. पण समोरचं मशीन कुठल्या जातीचं आहे हे आपण ठरवायचं नाही. जवान सांगेल ते करायचं.

लॅपटॉपला थोडं चार्जिंग ठेवून निघा. कधी कधी तो सुरू करून दाखवायला सांगतात. नुसता सुरू झाला तरी पुरे, पण बॅटरी शून्यावर असेल तर तुमचा लॅपटॉप ही एक संशयास्पद पेटी आहे, आणि ती उघडी पडत नाही तोवर रांगेतल्या मागच्या सर्वांचं प्रेम तुम्हाला मिळत राहतं.

आता पॉवर बँक. हिच्याविषयी माझी मतं जरा कडक आहेत, कारण हिच्याएवढी वादावादी दुसरी कुठलीच वस्तू करत नाही. नियम दोन. पहिला: पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीही नाही. दुसरा: १०० वॉट-तासांपर्यंत (हे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचं माप) सरळ परवानगी, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची संमती घेऊन जास्तीत जास्त दोन, १६० च्या वर असेल तर घरी. पण आपल्या पॉवर बँकेवर वॉट-तास ठसठशीत लिहिलेले नसतात, मिलिअँपिअर-तास (एमएएच) लिहिलेले असतात, आणि गाडी इथे रुतते. हिशेब असा: मिलिअँपिअर-तासांना बॅटरीच्या ३.७ व्होल्टने गुणायचं आणि हजाराने भागायचं. १०,००० ची म्हणजे ३७. २०,००० ची ७४. २७,००० ची ९९.९, म्हणजे काठावर पास. ३०,००० ची १११, म्हणजे आधी कंपनीला विचारा. यूएसबीतून ५ व्होल्ट बाहेर पडतात म्हणून ५ ने गुणून २०,००० च्या बँकेला १०० पर्यंत नेणारेही लोक आहेत. तो हिशेब चुकीचा. आतल्या सेलचा व्होल्टेज धरायचा. मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या ९९ च्या आसपास येऊन का थांबतात, याचं उत्तरही हा १०० चा आकडाच.

पदपथावर मिळणारी ‘५०,०००’ ची पॉवर बँक ही स्वतंत्र व्यथा आहे. वजनावरून ती जेमतेम १०,००० ची असते हे विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्यालाही माहीत. पण जवान वजन करत नाही, छापलेलं वाचतो. ५०,००० म्हणजे १८५ वॉट-तास, म्हणजे बाद. खोटं बोलल्याची शिक्षा त्या पॉवर बँकेला अशी खरी मिळते. आणि जिच्यावरचं छापील घासून पुसलंय ती तर याहून वाईट. तिची ताकद किती हे सिद्ध करायला तुमच्याकडे शपथेशिवाय काही नसतं, आणि शपथ स्कॅन होत नाही.

एवढा कडकपणा कशासाठी? लिथियमच्या सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट झालं तर तो तापतो, त्या तापाने शेजारचा सेल पेटतो, मग त्याच्या शेजारचा. सामानाच्या कक्षात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाला दाबतो, पण तापत चाललेल्या सेलला थंड करू शकत नाही. वर प्रवाशांत ती पेटली तर निदान कोणाला तरी दिसते आणि तिच्यावर पाणी ओतता येतं. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उड्डाणाच्या तयारीतलं एक विमान जळालं, तेव्हा आग डोक्यावरच्या कप्प्यातून सुरू झाली होती आणि तपासात पॉवर बँकेकडे बोट दाखवलं गेलं. म्हणून माझ्या मते पॉवर बँक वरच्या कप्प्यात टाकूच नये. समोरच्या सीटच्या खिशात, डोळ्यांपुढे ठेवावी. कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्यांच्या तोंडांना चिकटपट्टी लावा किंवा प्रत्येक बॅटरी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला. नाण्यांच्या नि किल्ल्यांच्या खिशात बॅटरी ठेवणं म्हणजे शॉर्ट घरूनच बांधून आणणं.

चेक-इनच्या बॅगेत पॉवर बँक चुकून राहिली, तर विमानतळभर तुमच्या नावाचा पुकारा होतो. नाव चुकीचं उच्चारलेलं असतं, पण तुम्हाला बरोबर कळतं. मग खाली जायचं, बॅग उघडायची आणि गणेशचतुर्थीला गणपतीवर फळं-भाज्या टांगतात त्या माटोळीसारखं सगळं सामान उलगडून ती शोधायची. तिच्याबरोबर त्या बॅगेत आणखी दोन गोष्टी सापडतात. एक दाढीचा ट्रिमर, जो दाबला जाऊन आपोआप सुरू झालेला असतो आणि बॅग मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुणत असते. त्याला लॉक असेल तर लावा. दुसरी सुक्या खोबऱ्याची वाटी. सुकं खोबरं तेलकट असतं, साठवणीत स्वतःच तापू शकतं, म्हणून धोक्याच्या मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक आहे: १३६३. भारतात २०२२ पासून ते चेक-इनमध्ये चालत नाही. कोकणी माणसाला हे पटायला जड जातं.

फेणी न्यायची असेल तर दुकानातून घेतलेली सीलबंद बाटली, चेक-इनमध्ये, कडक दारू एकूण ५ लिटरपर्यंत. काकांच्या भट्टीवरची, पाण्याच्या बाटलीत भरलेली फेणी कितीही उत्तम असली तरी तिला विमानात जागा नाही. लायटर आणि काडेपेटी दोन्ही बॅगांत नाही. ई-सिगारेट तर देशातच २०१९ पासून बंद. उपग्रहावरून संदेश पाठवणारी फोन-यंत्रं परदेशी पाहुण्यांच्या खिशात असतात; आपल्याकडे ती परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे आणि गोव्यात यावरून पर्यटक अडकलेही आहेत. पाहुणे येणार असतील तर त्यांना आधीच कळवा.

एक शेवटचा प्रकार सांगतो, तो फक्त दिवाळीच्या आसपास उपयोगी. कधी कधी जवान लॅपटॉपच्या कळांवरून किंवा बॅगेच्या बंदावरून एक छोटी पट्टी फिरवतो आणि ती एका यंत्रात घालतो. स्फोटकांचे अगदी सूक्ष्म कण ते हुंगतं. खतातले आणि फटाक्यांच्या दारूतले नायट्रेट त्याला ओळखीचे वाटू शकतात. ग्लिसरीनची हातांना चोळायची क्रीमसुद्धा कधी कधी त्याला फसवते. आता नरकासुराचा पुतळा करायला रात्रभर राबलेला, त्याच्या पोटात फटाक्यांच्या माळा भरलेला आणि पहाटे त्याला पेटवून सकाळच्या विमानाला पळालेला तरुण डोळ्यांसमोर आणा. आंघोळ झाली असेल, उटणं लागलं असेल. पण लॅपटॉपची बॅग नरकासुराशेजारच्या खुर्चीत रात्रभर होती. मशीन ओरडलं तर घाबरू नये, “रात्री फटाके लावले” एवढं शांतपणे सांगावं. पुन्हा तपासतात, सोडतात. दहा मिनिटं जास्तीची धरून निघालेलं बरं, आणि बॅग दुसऱ्या खोलीत ठेवलेली त्याहून बरी.

पलीकडे पोचल्यावर घाई करू नका. सगळे लॅपटॉप राखाडी असतात, सगळे ट्रे सारखे असतात, आणि विमानाची वेळ झालेला माणूस हाताला येईल तो राखाडी लॅपटॉप उचलतो. आपल्या लॅपटॉपवर एखादं भडक स्टिकर लावा. अगदी काजूचं बोंड लावलंत तरी चालेल. मग ट्रे आणि बॅग बाजूच्या बाकावर नेऊन मोजा: मोबाइल, घड्याळ, पॉवर बँक, चार्जर, पट्टा. एका हाताने पँट धरून चार्जर शोधणं जमत नाही, त्यामुळे पट्टा आधी लावा. तेवढ्या वेळात तुमची खाऊची पिशवी पट्ट्यावरून उलटी फिरून दुसऱ्यांदा मशीनमध्ये गेलेली असते आणि आतून आवाज येतो, “सर, ये काला वाला क्या है?”