क्लारा पीटर्सने चेहरा लपवला नव्हता

फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातली, चित्रकार क्लारा पीटर्स हिच्याबद्दल एक मजकूर सतत फिरत असतो: १५९४ साली अँटवर्पला जन्मली, तेराव्या वर्षी पहिलं चित्र काढलं, बाई म्हणून नाव लावता येईना म्हणून भांड्यांच्या चकाकीत चोरून चेहरा रंगवला, आणि माणसं काढता येत नसल्याने बिचारीने मासे-चीजवर भागवलं. यातलं फारसं काही टिकत नाही.

१५९४ हे साल अँटवर्पमधल्या एका बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून घेतलंय. ती मुलगी म्हणजेच ही चित्रकार, हे सिद्ध करणारा कागद नाही, आणि पीटर्स हे तिथलं अगदी सर्रास आडनाव. तिचं तारीख घातलेलं सर्वांत जुनं चित्र १६०७ चं. त्यातून १५९४ वजा केले की तेरा वर्षांची विलक्षण मुलगी तयार!

नाव लपवल्याची गोष्ट तर चित्रंच खोडून काढतात. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयातलं चीज, बदाम आणि प्रेट्झेलचं (पीळ दिलेल्या पावाचं) चित्र बघा. रुंदी जेमतेम अर्धा मीटर. पुढेच चांदीची सुरी ठेवलीय आणि तिच्या कडेवर मोठ्या रोमन अक्षरांत पूर्ण नाव, कोरल्यासारखं रंगवलेलं. अशा सुऱ्या लग्नात भेट देत. तिच्या इतर काही चित्रांतही नाव असंच सुरीवर आहे.

चेहरा त्याच चित्रातल्या भांड्याच्या (जग) धातूच्या झाकणात आहे. फोनवर फिरणाऱ्या बारक्या फोटोत तिथे नुसता ठिपका उरतो, म्हणून तो ‘लपवलेला’ वाटतो. संग्रहालयाची मोठी प्रतिमा उघडा, झाकणावर झूम करा. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या संग्रहालयातल्या १६१२ च्या चित्रात तर सोनेरी पेल्याच्या फुगवट्यांवर ती पुन्हा पुन्हा दिसते, रंगपाटी आणि कुंचले घेऊन. फुगीर धातूत आकृती आक्रसते, वाकते; नखाएवढ्या जागेत ते अचूक उतरवणाऱ्या हाताला चोरटं म्हणणं अन्यायाचं आहे.

माणसं काढता येत नसल्याच्या शेवटच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे: नग्न मॉडेल समोर बसवून शिकण्याची वाट स्त्रियांना जवळपास बंदच होती. पण टेबलावरच्या वस्तूंचं चित्र ही तेव्हा उरलीसुरली जागा नव्हती, तो प्रकारच नुकता आकाराला येत होता आणि ती त्याच्या पहिल्या फळीत होती. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात तिची चार चित्रं आहेत, स्पेनच्या राजसंग्रहातून आलेली. त्यातलं मासे, मेणबत्ती, आर्टिचोक, खेकडे आणि कोळंबीचं चित्र १६११ चं. मासे हाच मुख्य विषय असलेलं, तारीख घातलेलं त्याआधीचं चित्र आजवर सापडलेलं नाही.