नाचतोय म्हणे!

सकाळी घरच्या ग्रुपवर दादाने व्हिडिओ टाकला. नवा पिंजरा, आत एकच हिरवा पक्षी आणि खाली ओळ, "गाणं लागलं की साहेब कसे नाचतात बघा!" त्यावर लाल बदामांचा नुसता पाऊस.

मी तो व्हिडिओ चारदा पाहिला. साहेब दांडीच्या डाव्या टोकाला जातात, चोचीने तार धरतात, मान वाकडी करून वळतात, उजव्या टोकाला येतात, तिथली तार धरतात, परत मान, परत डावीकडे. ४० सेकंदांत ११ वेळा. मी मोजलं. गाणं मध्येच संपतं, तरी 'नाच' चालूच. एवढ्या जणांतून एकाच्याही हे लक्षात आलं नाही?

मी लिहिलं, "दादा, हा नाच नाही रे, एकटा पडून वेडापिसा झालाय तो." लगेच उत्तर, "तुला दुधात मिठाचा खडा टाकल्याशिवाय चैन पडत नाही."

म्हणून इथे, या प्राणिप्रेमींच्या ग्रुपवर आले. इथे तरी सगळी माझ्यासारखीच माणसं आहेत, पहिल्यापासून समजावत बसावं लागणार नाही. (हो, पक्षी खुशीतही मान डोलावतात. पण खुशी मोजूनमापून त्याच तारेपाशी वळत नाही.)

खरं सांगायचं तर राग दादाचा कमी, माझाच जास्त आलाय. मी दहा वर्षांची असताना माझ्याकडेही अस्साच होता. हिरवा, पिवळ्या डोक्याचा. चिंटू. आम्ही त्याला लव्हबर्ड म्हणायचो. तो लव्हबर्ड नव्हताच! लव्हबर्ड आफ्रिकेतले, हा ऑस्ट्रेलियाचा बजरीगर, म्हणजे छोटा पोपटच. ज्याच्यावर एवढा जीव टाकला, त्याची जात कुठली हेसुद्धा घरात कोणी विचारलं नव्हतं.

पिंजऱ्यात एक छोटा गोल आरसा टांगलेला होता. शाळेतून आले की त्यावर ओले, अर्धवट चावलेले दाणे चिकटलेले असायचे. मी फडकं ओलं करून आरसा लख्ख पुसायचे. आई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, "किती निगुतीने करते बघा."

तो आरसा का खराब होतो हे मला कळायला पुढची वीस वर्षं लागली. बजरीगर नर आपल्या मादीला भरवतो. गिळलेले दाणे परत वर आणतो आणि तिच्या चोचीत घालतो. चिंटू आरशातलीला भरवत होता. रोज. ती काही खात नव्हती, तरी रोज. आणि मी संध्याकाळी येऊन ते सगळं पुसून टाकत होते, वर शाबासकी घेत होते.

आता कोणीतरी म्हणणारच, "बाहेर घार खाईल, मांजर खाईल, आत बिचारा सुखात आहे." मग तुम्हीही राहा की एका खोलीत. वेळेवर जेवण देऊ, गाडीखाली येण्याची भीती नाही! आणि ते पिसं छाटणं? "दुखत नाही हो, नखं कापल्यासारखंच आहे." नखं कापल्यावर मला चालता येतं. नखांची उपमा सुचणाऱ्याने जरा विचार तरी करायचा.

पिंजऱ्यात जन्मलेला पक्षी बाहेर सोडला तर फार दिवस जगणार नाही, हे मान्य. म्हणून सोडा म्हणत नाहीये मी, नवे आणू नका म्हणतेय. "यांना पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे" हे मात्र ऐकवू नका. जॉन गूल्ड नावाच्या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने १८४० साली जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले, तेव्हापासून आपण त्यांना पिंजऱ्यात वाढवतोय. एवढ्या वर्षांत पंख गळून पडले का त्यांचे? तिकडे रानात हेच पक्षी हजारोंच्या थव्याने पाण्यामागे मैलोन्‌मैल फिरतात. पूर्ण वाढलेला पक्षी तीस-चाळीस ग्रॅमचा, आणि त्याला लागतं एवढं मोठं आभाळ.

ॲलेक्स पोपटाचं नाव ऐकलं असेल. करड्या रंगाचा आफ्रिकन पोपट, संशोधक आयरीन पेपरबर्ग यांच्याकडे तीसेक वर्षं होता, २००७ साली गेला. रंग, आकार ओळखायचा, सहापर्यंतचे आकडे सांगायचा. त्याची गोष्ट सांगून लोक म्हणतात, बघा, माणसात किती रमला होता. रमला असेल. कंटाळा आला की तो स्वतःच "परत जायचंय" म्हणायचा, आणि परत म्हणजे पिंजऱ्यातच, हेही खरं. याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण त्याला 'परत' जायला दुसरी जागा तरी कुठे ठेवली होती?

आणि हो, माझ्या घरात कुत्रा आहे. विचाराल म्हणून आधीच सांगते. कुत्र्याची आणि माणसाची सोबत हजारो वर्षांची, तो दार उघडलं की बाहेर जातो आणि परत येतो... ठीक आहे, पट्टा असतो. आणि पट्ट्याचं दुसरं टोक माझ्या हातात असतं, त्याच्या नाही. एवढं मी कबूल करते, पुढे वाद घालू नका.

काचेच्या गोल भांड्यातल्या गोल्डफिशबद्दल आज लिहीत नाही. लिहायला घेतलं तर रात्र होईल.

स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून नियमच आहे की बजरीगर, पोपट, गिनीपिग असे सोबतीने राहणारे प्राणी एकटे ठेवायचे नाहीत. दादाला हे पाठवलं तर म्हणेल, "मग तिकडेच जाऊन राहा."

नाही, असं नको लिहायला. दादा दुष्ट नाही. वहिनी गेल्यापासून त्याच्या घरात दिवसदिवस आवाज नसतो. सकाळी उठल्यावर कोणीतरी काहीतरी बोलावं, एवढंच त्याला हवं होतं. पिंजऱ्यावर रात्री तो वहिनीची जुनी ओढणी घालतो, वारा लागू नये म्हणून. हे मला माहीत आहे, आणि तरीही तो व्हिडिओ बघवत नाही. दोन्ही एकदम होतंय, त्याला मी काय करू?

चिंटू गेला त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस आरसा स्वच्छच होता. एकही दाणा नाही. मी आईला म्हटलं होतं, "शहाणा झाला गं, आता घाण करत नाही."

हे टाइप करता करताच दादाचा मेसेज आला. "बरं बाई, एकटा पडलाय म्हणतेस ना? संध्याकाळी आरसा आणून लावतो."

थांबा, त्याला आधी फोन करते.