नव्या मालकाचे स्वागत कसे करावे

आपण वर्षानुवर्षे वापरत असलेले डिझाइनचे सॉफ्टवेअर एखाद्या बड्या कंपनीने विकत घेतल्याची बातमी सकाळी वाचनात आली, तर सर्वप्रथम आनंद व्यक्त करावा. अशा बातमीसोबत एक निवेदन असते आणि हा व्यवहार ग्राहकांच्याच हितासाठी झाला असून त्यांच्यासाठी काहीही बदलणार नाही, असे त्यात आवर्जून सांगितलेले असते. काहीच बदलायचे नव्हते तर एवढे पैसे कशासाठी मोजले, हा प्रश्न खवचट मंडळींना पडतो. तो आपण स्वतःला पडू देऊ नये.

मार्च २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॅनव्हा कंपनीने ब्रिटनमधील सेरिफ ही कंपनी विकत घेतली, तेव्हा असे प्रश्न फार लोकांना पडले. सेरिफचे ॲफिनिटी हे सॉफ्टवेअर या लोकांनी ज्या कारणासाठी निवडले होते ते साधे होते: एकदा पैसे भरावेत, सॉफ्टवेअर आपल्या यंत्रावर घ्यावे आणि पुन्हा त्या कंपनीचे तोंड पाहू नये. दर महिन्याची वर्गणी नको म्हणून फोटोशॉपवाल्या अडोबी कंपनीचे घर सोडून आलेली ही माणसे असल्यामुळे त्यांना अंमळ जास्तच घाम फुटला. तेव्हा नव्या मालकाने काही दिवसांतच जाहीर वचन दिले की, कायमस्वरूपी परवाना विकत घेण्याची सोय यापुढेही राहील आणि वर्गणी आलीच तर ती केवळ एक जादा पर्याय म्हणून येईल. माणसे जरा शांत झाली, हे त्यांच्या सुस्वभावाचे लक्षण होय.

३० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲफिनिटीची नवी आवृत्ती आली, ती चक्क फुकट. चित्ररेखाटन, छायाचित्रे आणि पानांची मांडणी यांसाठी पूर्वी तीन वेगळी सॉफ्टवेअरे होती, ती एकाच सॉफ्टवेअरमध्ये आली आणि किंमत शून्य झाली. त्याबरोबर जुन्या आवृत्तीची विक्री बंद झाली. फुकट वस्तूवर नाराज होणारा ग्राहक जगाने क्वचितच पाहिला असेल. पण हे लोक नाराज झाले. नवे सॉफ्टवेअर सुरू करायला कॅनव्हाचे खाते लागते, कृत्रिम बुद्धिमत्तेची अवजारे हवी असतील तर कॅनव्हाची सशुल्क योजना घ्यावी लागते, आणि नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल पैसे मोजून घेतलेल्या जुन्या आवृत्तीत उघडत नाही. ज्यांना पैसे देऊन मोकळे व्हायचे होते, त्यांना फुकट देऊन जवळ ठेवण्यात आले, एवढेच काय ते घडले. वचन मोडले असे म्हणण्याचीही सोय नाही, कारण फुकटची वस्तू विकत देणार तरी कशी? एवढ्या सफाईने सोडवलेल्या पेचाला दाद द्यायची सोडून लोक जुन्या आवृत्तीची इन्स्टॉलर फाइल दोन-दोन पेनड्राइव्हवर उतरवून ठेवत बसले.

इतिहास वाचू नये, हा दुसरा सल्ला. तो वाचला की फ्रीहँड हे चित्ररेखाटनाचे सॉफ्टवेअर आठवते. १९९४ मध्ये अडोबीने फ्रीहँड विकणारी आल्डस ही कंपनी घेतली, तेव्हा अडोबीचे इलस्ट्रेटर आणि फ्रीहँड हे एकमेकांचे थेट प्रतिस्पर्धी एकाच घरात येऊ नयेत म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फ्रीहँड मूळ निर्मात्याकडे परत पाठवले आणि ते पुन्हा घेण्यावर दहा वर्षांची बंदी घातली. तिथून ते मॅक्रोमीडियाकडे गेले. दहा वर्षे सरली आणि २००५ मध्ये अडोबीने मॅक्रोमीडियाच विकत घेतली. एवढा संयम आजकाल पाहायला मिळत नाही. २००७ मध्ये फ्रीहँडचा विकास थांबवल्याचे जाहीर झाले आणि ग्राहकांना इलस्ट्रेटरकडे वळण्याचा प्रेमळ सल्ला देण्यात आला. काही कृतघ्न ग्राहकांनी संघटना काढून २०११ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात मक्तेदारीचा दावा ठोकला. पुढल्या वर्षी तडजोड झाली आणि तीत या मंडळींना अडोबीच्याच उत्पादनांवर सूट मिळाली. ज्याच्याविरुद्ध भांडायला निघालो, त्याच्याच दुकानातून पिशवी भरून परत आलो, असा न्याय मिळाल्यावर आणखी काय हवे?

मालकी ही ओझ्याची वस्तू आहे, हे मनावर ठसवून घ्यावे. अडोबीने २०१३ मध्ये आपल्याला त्या ओझ्यातून सोडवले आणि यापुढे नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवरच मिळतील असे सांगितले. ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्क कंपनीने २०१६ मध्ये आपल्या बहुतेक सॉफ्टवेअरांचे नवे कायमस्वरूपी परवाने विकणे थांबवले. (सॉफ्टइमेज हे त्रिमित चित्रांचे सॉफ्टवेअर तिने २००८ मध्ये घेतले आणि २०१४ मध्ये ते गुंडाळत असल्याचे सांगितले, तिच्याकडे त्याच कामाची आणखी दोन सॉफ्टवेअरे होती, तेव्हा तिसऱ्याची गैरसोय कोणाला झाली असेल असे वाटत नाही.) मुंबईतल्या पागडीच्या खोलीत राहणाऱ्या भाडेकरूला कायद्याचे एवढे संरक्षण असते की, मालकाचा नातू म्हातारा झाला तरी भाडेकरूचा पणतू तिथेच नांदत असतो. असला हट्टीपणा सॉफ्टवेअरच्या भाडेकरूने करू नये. वर्गणी थांबली की दार बंद होते. आपली दहा वर्षांची कामे आतच राहिली तर ती सुरक्षित आहेत असे समजून निश्चिंत असावे.

काही वेळा दार उघडे असूनही आतले सामान बदललेले आढळेल. २०२२ च्या अखेरीस अडोबीच्या सॉफ्टवेअरमधून, छपाईच्या रंगांना प्रमाणित क्रमांक देणाऱ्या पँटोन कंपनीचे बरेचसे रंगसंग्रह निघून गेले, कारण त्या दोन कंपन्यांचे आपसात जमले नाही. त्यानंतर कित्येकांनी आपली जुनी फोटोशॉप फाइल उघडली, तेव्हा पँटोनचे रंग जिथे भरले होते तिथे काळा रंग दिसू लागला, आणि ते परत हवे असतील तर पँटोनची महिना सुमारे १५ डॉलरची वेगळी वर्गणी भरावी, असे सुचवण्यात आले. मुद्रकाशी तासभर फोनवर हुज्जत घालून ठरवलेला नेमका लाल रंग आपलाच आहे, हा गैरसमज अशा वेळी दूर होतो. शोकसंदेशाची कामे करणाऱ्यांना तर काहीच फरक पडला नसावा.

अटी वाचू नयेत. जून २०२४ मध्ये अडोबीच्या सुधारित अटींची खिडकी पडद्यावर आली आणि काहींनी ती वाचण्याचा उद्धटपणा केला. आपल्या मजकुरापर्यंत कंपनी यंत्राद्वारे किंवा माणसांकरवी पोहोचू शकते, असे त्यात आढळल्याने गदारोळ माजला. ग्राहकांची कामे फायरफ्लाय ही चित्रे बनवणारी प्रणाली शिकवण्यासाठी वापरली जात नाहीत, असा खुलासा कंपनीला करावा लागला आणि अटींची भाषाही बदलावी लागली. वाचलेच नसते तर दोन्ही बाजूंचा वेळ वाचला असता. त्याच महिन्यात अमेरिकेच्या सरकारने अडोबीवर खटला भरला. आरोप असा की, 'वार्षिक योजना, मासिक हप्ते' या गोंडस नावामागे पहिल्या वर्षात योजना सोडल्यास उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम भरावी लागते, ही गोष्ट बारीक अक्षरांत दडवली होती. सोडून जाण्याचा विचारच ज्याच्या मनात येत नाही, त्याला ही बारीक अक्षरे कधीच टोचत नाहीत.

आपल्याकडची काही डीटीपी केंद्रे या बाबतीत फारच वाईट उदाहरण घालून देत आली आहेत. पेजमेकर या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये निघाली, म्हणून तो दुसऱ्या दिवशी टाकून द्यावा हे त्यांना सुचले नाही. इंटरनेटची तार काढून ठेवलेल्या एखाद्या जुन्या यंत्रावर, युनिकोडपूर्व मराठी फाँट भरून, लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळे त्यांनी पुढे वर्षानुवर्षे त्यातच लावले. त्याच कामाच्या अडोबीच्या इनडिझाइनची जी शेवटची आवृत्ती पेजमेकरच्या फाइली उघडत असे, ती स्वतःच वर्गणीपूर्व काळातली, तेव्हा तीही त्यांनी जपली असेल तर नवल नाही. या मंडळींशी बोलताना 'अपग्रेड' हा शब्द काढू नये; चहा मिळणार नाही.

त्याहून घातक उदाहरण नेदरलँड्सचे आहे. ब्लेंडर हे त्रिमित चित्रांचे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी २००२ मध्ये बंद पडली, गुंतवणूकदार त्याच्या मूळ संहितेची (सोर्स कोडची) किंमत १ लाख युरो मागत होते, आणि वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून ती रक्कम सात आठवड्यांत उभी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संपूर्ण संहिता खुल्या परवान्याखाली सर्वांना देऊन टाकण्यात आली. एखाद्या बड्या कंपनीला आज ब्लेंडर विकत घेऊन बंद पाडायचे मनात आले, तरी ज्याच्या-त्याच्या यंत्रावर असलेली ती संहिता परत गोळा करणे शक्य नाही. ज्यांनी पैसे घातले त्यांना एकही भाग मिळाला नाही, लाभांश मिळाला नाही. ज्यांनी एक छदामही दिला नव्हता त्यांनाही तेवढेच मिळाले. अशा व्यवहारात भागधारकांनी करायचे काय, हे त्या लोकांनी आजतागायत सांगितलेले नाही, आणि आपणही ते विचारून त्यांना उगाच प्रोत्साहन देऊ नये.