‘काम तेच’ नाही: वस्तऱ्यावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नवशिक्याने वस्तऱ्याने दाढी कशी शिकावी, या माझ्या लेखावर तुम्ही काल जे लिहिलंत ते दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुमच्या घरी चार पिढ्या सलून आहे. तुमचं म्हणणं असं, की यूट्यूब बघून शिकलेल्यांनी लोकांना गाल कापून घ्यायला लावू नये. नवशिक्याने सरळ अर्ध्या ब्लेडचा, म्हणजे दर वेळी नवं अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा घ्यावा, ‘काम तेच’. दाढीआधी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर साठ-साठ वेळा फिरवायची गरज नाही. धार लावायचा दगड तर त्याच्या हातात देऊच नये. आणि एकूण हा सगळा ‘रिकामटेकड्यांचा पोरखेळ’ आहे.

साठचं मान्य. तो आकडा पाळायचा नियम नाही, कमी फेऱ्यांतही भागतं, आणि तसं मी लेखात जोडतो.

पण तुम्ही ज्या सुरात लिहिलंत त्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तुमच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं, की पट्टा कसा धरायचा हे जुन्या कारागिराकडून बघायला मिळालं तर ती संधी सोडू नका. ते तुम्ही वाचलं नसावं. मतभेद असतील तर मांडा, चार गोष्टी सुनवाही. पण समोरचा माणूस कोण, तो कुठे शिकला, याची काहीही चौकशी न करता त्याला रिकामटेकडा म्हणायचं, ही कुठली रीत? इथे कॉलेजातली मुलं येतात, भीत भीत प्रश्न विचारतात. तुमची प्रतिक्रिया वाचून त्यांतला एक जरी गप्प बसला असेल, तर त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

आणि मी यूट्यूबवर शिकलेलो नाही. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. पेन्शनीत गावी आल्यावरही ते स्वतःची दाढी स्वतःच्या वस्तऱ्यानेच करायचे. खिडकीच्या गजाला पट्टा अडकवलेला, शेजारी पितळेच्या वाटीत फेस, आणि आम्हा नातवंडांना पट्ट्याच्या आसपास फिरकायची बंदी. तो वस्तरा जर्मनीतल्या सोलिंगेनचा. आज माझ्याकडे आहे आणि वापरात आहे. पट्ट्यावर पात्याची पाठ पुढे, धार मागे, आणि टोकाला आल्यावर पाठीवरच वळवायचं, धारेवर कधीच नाही, हे मला त्यांनी माझा हात हातात धरून शिकवलं. तेव्हा मी शाळेत होतो. यूट्यूब जन्माला यायचं होतं.

आता ते वाक्य: काम तेच.

नाही, काम तेच नाही. सलूनमध्ये अर्ध्या ब्लेडचा वस्तरा का आला हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. १९८६ साली भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले. पुढच्या काळात एकाच्या रक्ताचा अंश दुसऱ्याच्या गालाला लागू नये म्हणून दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड ही पद्धत सगळीकडे रुजली, आणि ते अगदी योग्य झालं. कावीळही त्याच वाटेने पसरू शकते. पण हे कारण दुकानाचं आहे. घरी वस्तरा एक, चेहरा एक आणि माणूसही एकच. जी अडचण घरात नाहीच, तिच्यावरचा उपाय नवशिक्याच्या गळ्यात का मारायचा?

दुसरं, डबल एज ब्लेड, म्हणजे दोन्ही कडांना धार असलेलं नेहमीचं ब्लेड, जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचं असतं. त्याचं अर्धं करून पकडीत बसवलं, की हातात येते एक हलकी वस्तू आणि तिला कोरी करकरीत, अतिशय तिखट धार. रोज पन्नास चेहरे करणाऱ्या हाताला ती चालते. नवशिक्याला ती काही सांगत नाही. कोन चुकला तरी ती कापत राहते, आणि चुकल्याचं कळतं ते रक्त आल्यावर. शिवाय स्वस्तातल्या पकडीत ब्लेडची टोकं बाहेर डोकावतात. हनुवटीपाशी आणि कानाजवळ पहिली जखम त्या टोकांचीच होते.

घडीव वस्तऱ्याचं, म्हणजे ज्याचं पातं कायमचं असतं त्या जुन्या पद्धतीच्या वस्तऱ्याचं, तसं नसतं. त्याला वजन असतं, म्हणून दाबावं लागत नाही. दाबायचं नाही हाच तर पहिला धडा. पातं फार आडवं धरलं तर ते केसांवरून घसरतं, फार उभं केलं तर कातडी खरवडल्यासारखी वाटते, आणि साधारण ३० अंशांवर आलं की केस बिनबोभाट निघतात. पोकळ घासलेल्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी आत खोलगट केलेल्या पातळ पात्याचा तर आवाज येतो. फेसाखाली केस कापले जाताना एक बारीक खर्रखर्र ऐकू येते आणि कोन बिघडला की ती बदलते. नवशिक्याला हाताने आणि कानाने कळण्यासारखं एवढं काही दुसऱ्या कुठल्या साधनात मला तरी दिसलेलं नाही. गोल टोकाचा घेतला तर टोचण्याची भीतीही कमी.

आणि तिसरी गोष्ट, जी चार पिढ्यांच्या अनुभवातूनही आपोआप येत नाही. दुसऱ्याची दाढी करणं आणि स्वतःची करणं या दोन वेगळ्या कला आहेत. तुम्ही गिऱ्हाइकाच्या मागे किंवा बाजूला उभे राहता, मान हवी तशी वळवता, दुसऱ्या हाताने कातडी ताणता. स्वतःची करताना समोर आरसा असतो, म्हणजे सगळं उलटं दिसतं. उजवा गाल उजव्या हाताने होतो; तो ताणायला डावा हात डोक्यावरून फिरवून आणावा लागतो. डाव्या गालाला एक तर वस्तरा डाव्या हातात घ्यायचा, नाही तर उजवा हात नाकासमोरून आडवा न्यायचा आणि आरशात काही न दिसता काम करायचं. म्हणूनच मी लिहिलं, की सुरुवातीला फक्त गाल करा, केसांच्या दिशेनेच करा, आणि हनुवटी व ओठावरचा भाग आपल्या नेहमीच्या रेझरने उरका. यात गाल कापून घ्यायला लावण्यासारखं काय आहे ते तुम्ही सांगितलेलं नाही.

दगडाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते माझ्या लेखात जसंच्या तसं आहे: धार लावून तयार असलेलाच वस्तरा घ्या, दगडाला इतक्यात हात लावू नका. जे मी म्हटलेलंच नाही ते खोडून काढायला मी का बसू? 

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. अर्ध्या ब्लेडनेच स्वतःची दाढी करायला शिकलेला कोणी तुमच्या ओळखीत असेल, तर त्याला पहिल्या महिन्यात कुठे कुठे लागलं आणि का, हे लिहा. ते मी लेखाखाली तुमच्या नावाने जोडेन. पोरखेळ, रिकामटेकडे असले शब्द असतील तर मात्र पुढची प्रतिक्रिया इथे दिसणार नाही.