पायलट व्हायला रान विकायच्या आधी हे वाचा

खानापूरपासून निपाणीपर्यंत सगळ्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय: "बारावीनंतर १८ महिन्यांत पायलट, लायसन्स मिळालं की मोठ्या एअरलाईनमध्ये नोकरी पक्की, ट्रेनिंग आपल्या सांबऱ्यातच (बेळगाव विमानतळावर), फक्त चष्मा आणि मराठी मीडियम चालत नाही." माझा भाचा याच वाटेवर आहे, त्याच्या मागं सगळी धावपळ मी केलीय, म्हणून एकेक सांगतो.

आधी "नोकरी पक्की", कारण हे वाचून लोक खरंच रान विकायला निघालेत. लायसन्स म्हणजे सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स), ते २०० तासांच्या फ्लाइंगवर मिळतं. एअरलाईनला एवढ्यावर भागत नाही, त्यांची लेखी परीक्षा, सिम्युलेटर, इंटरव्ह्यू, शिवाय एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ चं टाईप रेटिंग, म्हणजे त्या ठराविक विमानाचं वेगळं ट्रेनिंग, त्याचे लाखो रुपये बऱ्याचदा आपणच भरायचे. आणि भरती निघते ती कंपनीकडं विमानं येतील तशी. २०१२ ला किंगफिशर थांबली, एप्रिल २०१९ ला जेट, मे २०२३ ला गो फर्स्ट, प्रत्येक वेळी अनुभवी पायलट एकदम रिकामे झाले, मग २०० तासवाल्या पोराला कोण आधी बोलावणार सांगा? कॅप्टन व्हायला तर एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं, त्याला किमान १५०० तास.

आता पैसे, जे मेसेजमध्ये नाहीतच. फी, राहणं, परीक्षा धरून ५० लाख सहज लागतात. ५० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी १० वर्षांसाठी काढलं तर हप्ता महिन्याला जवळजवळ ६९ हजार, आणि पोरगं लायसन्स घेऊन वर्ष-दीड वर्ष घरात बसलं तर व्याज काय थांबत नाही, उसाच्या बिलावर हा हप्ता निघेल का हे घरात सगळ्यांनी बसून बघा.

"१८ महिने" कागदावर होतात. सांबऱ्यात ट्रेनिंग आहे हे खरं, २०२१ मध्ये एअरपोर्ट ऑथॉरिटीनं फ्लाइंग स्कूलसाठी जे पाच विमानतळ निवडले त्यात बेळगाव होतं, आपल्याला अभिमान आहेच. पण बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे की! जून ते सप्टेंबर ढग खाली उतरले की नवशिक्याचं विमान जमिनीवरच, त्यात कधी विमान दुरुस्तीला, कधी इन्स्ट्रक्टर नाही. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी खातं, त्यांचे लायसन्सचे पेपर पास व्हायलाच ७० टक्के लागतात, एखादा राहिला की पुढच्या सेशनची वाट बघा. दोन-अडीच वर्षं धरूनच चाला.

चष्म्याचं तर साफ खोटं. चष्म्यानं नजर ६/६ होत असेल आणि नंबर मर्यादेत असेल तर चालतं, अडचण रंग नीट न ओळखण्याची असते, आणि ते बऱ्याच पोरांना टेस्ट होईपर्यंत माहीतच नसतं.

मराठी मीडियमचं वाचून मला खरंच राग आला. अट आहे ती बारावीला फिजिक्स-मॅथ्सची, मीडियमची नाही. इंग्लिश बोलण्याची टेस्ट असते, सहापैकी किमान चौथी लेव्हल लागते, ती सरावानं येते. घरात मराठी, बाजारात कन्नड, मित्रांत हिंदी बोलणारं आपलं पोर चौथी भाषा शिकणार नाही असं कोण म्हणतं?

मग करायचं कसं, तर क्रम बदला. पहिलं क्लास टू मेडिकल, म्हणजे पायलटची सुरुवातीची तब्येत तपासणी, थोड्या हजारांत होतं. मग क्लास वन, म्हणजे सीपीएलला लागणारी कडक तपासणी, त्यासाठी आम्ही राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीत बंगळूर गाठलं, तिथं एअरफोर्सचं एरोस्पेस मेडिसिन इन्स्टिट्यूट आहे. त्यानंतर घरी अभ्यास करून डीजीसीएचे पेपर द्या, फ्लाइंग सुरू व्हायच्या आधीसुद्धा देता येतात, त्यातच कळतं पोराला हे झेपतंय का. फ्लाइंग स्कूलची पूर्ण फी एकरकमी भरू नका, तासाप्रमाणे हप्ते मागा, आणि स्कूलमध्ये आज किती विमानं उडतायत हे स्वतः जाऊन बघा.

भाच्याचं क्लास वन क्लिअर झाल्याचं कळलं आणि पेपर सुटले, त्यानंतरच आम्ही बँकेची पायरी चढलो. रान अजून आमच्याच नावावर आहे.