‘बाळंतिणीचं वेड’ आणि डॉक्टरची साक्ष : एका फिरत्या मजकुराला उत्तर

गेले काही दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन ग्रुपांतून आला, त्यातला एक डॉक्टरांचाच. मजकूर थोडक्यात असा : बाळाचा जीव घेणाऱ्या आईला वाचवायला वकिलांनी ‘प्रसूतीनंतरचा मानसिक आजार’ ही नवी पळवाट काढली आहे. मानसोपचारतज्ज्ञ कोर्टात चिठ्ठी देतात आणि बाई सुटते. जिने स्वतःच पोलिसांना फोन केला, ती वेडी कशी? आणि आता तर या डॉक्टरांना कोर्टात कसं बोलायचं याचं प्रशिक्षण देतात, म्हणजे साक्षीदार पढवण्याची शाळाच उघडली आहे.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. असं प्रशिक्षण मी घेतलं आहे आणि आता देतोही. एक तान्हं बाळ गेलेलं असतं तेव्हा लोकांना राग येतो, तो यायलाच हवा. पण या मजकुरातलं एकही विधान तपासाला टिकत नाही, म्हणून एकेक घेऊन उत्तर देतो.

‘ही नवी पळवाट आहे’

पॅरिसच्या लुई-व्हिक्टर मार्से या डॉक्टरने गरोदर बायका, बाळंतिणी आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांच्या मानसिक आजारांवर अख्खा ग्रंथ लिहिला तो 1858 मध्ये. इंग्लंडने 1922 मध्ये यासाठी वेगळा कायदा केला आणि 1938 मध्ये तो सुधारला. बाळंतपणाच्या परिणामातून सावरली नसल्यामुळे जिच्या मनाचा तोल गेला आहे, अशा आईने वर्षाच्या आतल्या आपल्या बाळाला मारलं तर तो गुन्हा खुनाऐवजी सदोष मनुष्यवधासारखा धरला जातो. भारतात असा कायदाच नाही. इथे तिच्यावर सरळ खुनाचा खटला चालतो, त्यामुळे पळवाट म्हणायला मुळात वाटच नाही.

आणि आपल्याकडे हा आजार कधी माहीत नव्हता? ‘बाळंतिणीला बाहेरचं लागलं’ हे वाक्य माझ्या आजीच्या तोंडी होतं. पाचवी झाली, सहाव्या-सातव्या दिवसापासून तिची झोप उडाली, एकटीच पुटपुटायला लागली, ‘हे माझं बाळ नाही, बदललंय’ म्हणाली, की घरातले उतारा टाकायचे. प्रसूतीनंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटून भ्रम होणारा आजार, बहुतेकदा याच काळात, पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो. दर हजार बाळंतपणांमागे साधारण एक किंवा दोन बायकांना तो होतो. पहिल्या आठवड्यातलं रडू येणं वेगळं, ते बहुतेक जणींना येतं आणि आपोआप जातं. प्रसूतीनंतरचं नैराश्य आणखी वेगळं, ते कितीतरी जास्त जणींना होतं. मजकूर लिहिणाऱ्याने या तिन्हींची एकच मोट बांधली आहे. वेळेवर ओळखला तर सायकोसिस बरा होतो. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत 2009 पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे.

‘डॉक्टरने चिठ्ठी दिली की बाई सुटते’

भारतीय न्याय संहितेचं कलम 22 (आधी भारतीय दंड संहितेचं कलम 84) विचारतं ते इतकंच : कृत्य करतेवेळी, मनाच्या विकलतेमुळे, आपण काय करतो आहोत हे समजण्याची किंवा ते चुकीचं अथवा कायद्याविरुद्ध आहे हे समजण्याची क्षमता त्या व्यक्तीत नव्हती का? सगळा भर ‘करतेवेळी’ या शब्दावर आहे. वर्षभर आजारी होती एवढ्याने भागत नाही. वैद्यकीय वेड आणि कायद्याचं वेड एक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने सुरेंद्र मिश्रा विरुद्ध झारखंड राज्य (2011) या निकालात स्पष्ट सांगितलं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 सुद्धा म्हणतो की मानसिक आजाराचं निदान झालं म्हणजे ती व्यक्ती विकल मनाची ठरत नाही. ते ठरवणारं कोर्ट, डॉक्टर नव्हे.

हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. तो किती, हे दह्याभाई ठक्कर विरुद्ध गुजरात राज्य (1964) पासून ठरलेलं आहे : संशयातीत पुरावा लागत नाही, पण शक्यतेचं पारडं तिच्या बाजूने झुकलं पाहिजे. चिठ्ठीने ते झुकत नाही.

कायदा इथे किती कडक आहे ते पाहायचं तर मुंबई उच्च न्यायालयाचा 1886 चा लक्ष्मण दगडू खटला पाहावा. तापाने हैराण झालेला, साध्या आवाजानेही चिडणारा एक बाप. मुलांच्या रडण्याने त्याचा भडका उडाला आणि त्याने स्वतःच्या मुलांना मारलं. ताप खरा होता, चिडचिड खरी होती, पण तो भ्रमात नव्हता आणि काय करतोय हे त्याला कळत होतं, म्हणून दोषी ठरला. आजही साक्षीला उभ्या राहणाऱ्या डॉक्टरला हाच फरक दाखवावा लागतो : ही बाई थकली, वैतागली होती, की वास्तवापासून तुटली होती?

आणि या कारणाने निर्दोष ठरली तरी ती दुसऱ्या दिवशी घरी चहा पीत बसलेली नसते. कृत्य तिच्या हातून झालं की नाही हे निकालात लिहावंच लागतं, आणि मग एक तर सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा आदेश होतो, नाही तर जामीन-हमी घेऊन नातेवाइकांच्या हवाली करण्याचा.

‘स्वतः पोलिसांना फोन केला, म्हणजे शुद्धीवर होती’

हा मुद्दा सगळ्यांना पटतो, म्हणून यावर जरा थांबतो.

20 जून 2001. अमेरिकेत टेक्सासमधलं ह्यूस्टन. अँड्रिया येट्स या बाईने आपली पाचही मुलं बाथटबमध्ये बुडवून मारली, सगळ्यांत धाकटी सहा महिन्यांची. मग तिनेच पोलिसांना फोन केला. सरकार पक्षाने त्या फोनवर बोट ठेवलं : बेकायदा आहे हे हिला माहीत होतं. ते खरंही होतं. पण हिच्या आजाराचा इतिहास आधीचा होता. चौथ्या बाळानंतर 1999 मध्ये तिने दोनदा आत्महत्येचा प्रयत्न केला होता, आणि घटनेच्या थोडे दिवस आधी तिचं सायकोसिसवरचं औषध बंद झालं होतं. मुलं मोठी झाली तर नरकात जातील, आत्ता मेली तरच वाचतील, अशी तिची पक्की समजूत होती. बचाव पक्षाचे डॉ. फिलिप रेस्निक यांनी साक्षीत हीच गाठ सोडवून दाखवली : कायद्याविरुद्ध आहे हे तिला कळत होतं, तरीही मुलांसाठी हेच योग्य आहे असं तिला भ्रमातून वाटत होतं. पोलिसांना फोन करणं हे त्या भ्रमाच्या आतलंच पाऊल असू शकतं.

भारतातला कायदा या बाबतीत टेक्सासपेक्षा सैल नाही. पण आपल्या न्यायालयांनीही वागणुकीचा अर्थ सरधोपट लावलेला नाही. श्रीकांत आनंदराव भोसले विरुद्ध महाराष्ट्र राज्य (2002) या खटल्यात पत्नीचा खून करणाऱ्या पोलीस शिपायाला सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष ठरवलं. त्याचा जुना स्किझोफ्रेनिया, घराण्यातला आजार, अगदी किरकोळ हेतू, दिवसाढवळ्या केलेलं कृत्य, हे सगळं कोर्टाने पाहिलं. आणि त्याने लपण्याचा किंवा पळण्याचा प्रयत्न केला नाही, हेही त्याच्या बाजूने धरलं. मजकुराच्या हिशेबाने तीच गोष्ट त्याच्या विरोधात जायला हवी होती.

‘प्रशिक्षण म्हणजे साक्षीदार पढवणं’

इथे मला माझीच साक्ष सांगावी लागेल. बरीच वर्षं झाली. ओळख पटेल असे तपशील वगळतो. एका बाईने तान्ह्या बाळाला घेऊन विहिरीत उडी मारली. बाळ गेलं, तिला लोकांनी वर काढलं. खुनाचा गुन्हा दाखल झाला. ती सरकारी दवाखान्यात माझ्याकडे उपचाराला होती, म्हणून मला समन्स आलं. मला कुणीही तयार केलं नव्हतं. मी केसपेपर बगलेत मारून गेलो.

उलटतपासात सरकारी वकिलांनी माझ्याच अक्षरातली ओळ वाचून दाखवली : ‘कोऑपरेटिव्ह, ओरिएंटेड’, म्हणजे सहकार्य करते, स्थळकाळाचं भान आहे. विचारलं, ‘डॉक्टरसाहेब, म्हणजे तिला समजत होतं?’ मी म्हणालो, ‘हो, त्या वेळी.’ मला म्हणायचं होतं, सकाळी मी तपासलं त्या अर्ध्या तासात. संध्याकाळी हीच बाई खाटेखाली बाळ शोधत होती, पण ती नोंद नर्सिंगच्या वहीत होती आणि ती वही मी नेली नव्हती. हा आजार असाच असतो, तासातासाला भरती-ओहोटी. हे एक वाक्य मी बोललो नाही. जबानीत ‘हो’ उतरलं, ‘त्या वेळी’ उतरलं नाही. ‘सायकोसिस’ हा शब्द मी उच्चारला, तो मराठीत ‘मानसिक ताण’ झाला. जबानी वाचून दाखवली तेव्हा दुरुस्ती सांगायचा मला हक्क होता. माझं लक्ष दवाखान्यातल्या रांगेकडे होतं. मी सही केली.

निकालपत्रात माझ्या साक्षीला एक ओळ मिळाली : उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार आरोपीस समजत होते.

प्रशिक्षणात शिकवतो ते हेच, जे मला तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं. काय बोलायचं हे सांगत नाही, कशाच्या आधारावर बोलायचं ते सांगतो. उपचार करणारा डॉक्टर आणि कोर्टासाठी तपासणारा डॉक्टर या दोन भूमिका शक्यतो एका माणसाने घेऊ नयेत. कारागृहात दाखल होतानाची वैद्यकीय नोंद मागवा. माहेरच्या आणि सासरच्या माणसांशी वेगवेगळं बोला, आणि त्यांना ‘भ्रम होते का’ असं विचारू नका, ‘झोप कधीपासून गेली’, ‘बाळाबद्दल काय म्हणायची’ असं विचारा. ‘हो की नाही’ असा प्रश्न आला आणि खरं उत्तर त्यात मावत नसेल, तर न्यायाधीशांना तसं सांगा. जे माहीत नाही ते ‘माहीत नाही’ म्हणा.

सोंग ओळखायचंही शिकवतो. सोंग करणारी व्यक्ती सहसा लक्षणं वाढवून, मागाल तेवढी सांगते. खरी आजारी आई पुष्कळदा ती लपवते, कारण बाळ काढून घेतील ही तिला भीती असते. खोटं सर्टिफिकेट देणारे डॉक्टर आमच्या व्यवसायात नाहीत असं मी म्हणणार नाही. तयारीने आलेल्या दुसऱ्या तज्ज्ञापुढे मात्र ते सर्टिफिकेट पाच प्रश्नही टिकत नाही.

तयारी नसेल तर नुकसान फक्त आरोपीचं होतं असंही नाही. येट्स खटल्यात सरकार पक्षाचे तज्ज्ञ पार्क डीट्झ यांनी साक्षीत सांगितलं की मुलांना बाथटबमध्ये बुडवणाऱ्या आणि वेडी ठरून सुटणाऱ्या बाईची कथा एका टीव्ही मालिकेत घटनेच्या थोडं आधी दाखवली होती. या मालिकेचे ते सल्लागार होते. असा भागच नव्हता. 2002 मध्ये ती दोषी ठरली, या चुकीच्या साक्षीमुळे 2005 मध्ये अपिलात निकाल रद्द झाला आणि 2006 मध्ये दुसऱ्या ज्यूरीने मानसिक आजाराच्या कारणावरून तिला निर्दोष ठरवून रुग्णालयात पाठवलं. एका न तपासलेल्या वाक्यापायी सगळ्यांना पुन्हा सगळं ऐकावं लागलं, त्या मुलांच्या घरच्यांनाही.

आमच्या वर्गात उलटतपास घ्यायला आम्ही सरकारी वकिलांनाच बोलावतो, आणि ते डॉक्टरांना सोडत नाहीत. गेल्या खेपेला एका तरुण डॉक्टरीणबाईंना त्यांनी विचारलं, बाईला घरात नीट पाहिलेलं तिसरं माणूस कोण? त्या अडल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘आशाताई.’ दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढे बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी जाते. ती पाहते बाळाचं वजन आणि ताप, पण घरातली आईही तिच्या डोळ्यांसमोरच असते. ‘बाई बोलत नाही, बाळ आत्याकडे’ अशी सातव्या दिवसाची एक ओळ तिच्या वहीत असेल, तर ती घटनेच्या आधीची आहे, कुठल्याही वकिलाने किंवा डॉक्टरने लिहून घेतलेली नाही. ती वही आता आमच्या यादीत पहिली आहे. माझ्या खटल्यातल्या गावातही एक आशाताई होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.